कुंपणापलीकडच्या गायी

१

आक्काच्या सगळ्या गायी मेल्या, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. नऊच्या नऊ. भांडण होतं ते त्या कुठे मेल्या याचं, आणि ते मिटवायला कार्यालयाने मला पाठवलं होतं.

मी आपत्ती-मदत कार्यालयातली तपासनीस. लोक तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की चौकशीबाई. मला दोन्ही चालतं. एका जागी गप्प बसायला सांगितलं की मात्र माझं डोकं फिरतं. त्या आठवड्यात तशी वेळच आली नाही. अवेळी आलेल्या हिमवादळाने पठारावरची शेकडो गुरं मारली होती आणि सरकारने घाईघाईने मदत जाहीर केली होती. ज्याचं जनावर वादळात मेलं त्याला तसंच जनावर पुन्हा घेता येईल, एवढी मदत. अट एकच. जनावर मालकाच्या स्वतःच्या कुंपणात मेलेलं असलं पाहिजे. राखीव कुरणात, म्हणजे सरकारने गवत वाढावं म्हणून बंद ठेवलेल्या माळावर चोरून चरायला सोडलेलं असेल तर मदत नाही, वर दंड, आणि मालकाच्या जमिनीचा भाडेपट्टाही रद्द.

आक्काची जमीन राखीव कुरणाला लागून होती. मधे तारेचं कुंपण. वादळानंतर रस्ते मोकळे झाले, कुरणाचा रखवालदार फेरीला निघाला, आणि त्याला कुंपणाची तार कापलेली दिसली. आक्काच्या गायी पलीकडे, कुरणात चांगल्या आत मरून पडलेल्या.

मोठे साहेब फोनवर म्हणाले की यात तपास कसला करायचा, म्हातारीची सही घ्या आणि या. कुणी असं "कसला तपास" म्हटलं की मला पित्त उठतं. तरी मी निमूट गाडी काढली, कारण खरं सांगायचं तर मलाही प्रकरण उघड वाटत होतं.

आक्का दवाखान्यातून नुकती घरी आली होती. साठी उलटलेली, काटक बाई. उजव्या हाताला पांढरी पट्टी, आणि पट्टीत दोन बोटं कमी. वादळ सुरू झालं तेव्हा ती गायींच्या मागे बाहेर पडली होती आणि तिच्याच जमिनीच्या खालच्या टोकाला, रस्त्याकडच्या कुंपणापाशी बेशुद्ध सापडली होती. थंडीने बोटं गेली. तिचं म्हणणं होतं की गायी तिथेच होत्या, त्या खालच्या कुंपणाला चिकटून, तिने त्यांना हात लावला होता. डॉक्टरांचं म्हणणं होतं की एवढ्या थंडीत माणसाला काहीही दिसतं. तिला शोधून उचलून आणणारा शेजारी म्हणत होता की बर्फात स्वतःचा हात दिसत नव्हता, तर गायी कुठल्या दिसणार.

गायी कुरणात मीच सोडल्या, अशा कबुलीचा कागद मी तिच्यापुढे सहीला ठेवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"बाई, माझ्या गायी माझ्या जमिनीत मेल्या. मेल्यावर उठून त्या पलीकडे चालत गेल्या असतील तर कशा गेल्या, ते तुम्ही शोधा. पगार कशाचा घेता?"

२

आता एवढं ऐकल्यावर कोण गप्प बसेल? मी म्हटलं, चला, मला सगळं दाखवा.

तिने आधी गोठा दाखवला. रिकामा गोठा वाईट दिसतो. झाडून पुसून लख्ख, गव्हाणीत कडबा भरलेला आणि खायला कुणी नाही. आक्का दारापासून एकेका खुंट्यावर हात ठेवत चालली आणि मी न विचारता सांगू लागली. दाराशी थोरली, सगळ्यांत म्हातारी, खालचा ओठ लोंबणारी. मग तांबी. मग मुकी, जन्मात कधी हंबरली नाही. अशी एकेक करत ती पार टोकाला खिडकीपाशी आली. इथे भिंगरी. पांढरीशुभ्र, कान तेवढे काळे, आणि पाय कधी जमिनीला टेकायचे नाहीत.

मी म्हटलं, मग माझीच बहीण. आक्का पहिल्यांदा जरा हसली.

"तुम्ही निदान शिंगं मारत नसाल. ही पूर्वी तांबीच्या शेजारी असायची. गेल्या साली तांबीचं डावं शिंग मोडलं हिने. मग उचलली आणि इथे टोकाला आणून बांधली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. आक्काची मुलगी रजा काढून आली होती. शहरात बस चालवायची. आईचं आणि तिचं तीन वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, हेही आक्कानेच सांगितलं, गोठ्यातून बाहेर पडता पडता. फोन तेवढा यायचा. दवाखान्यातून निरोप गेला तेव्हा मात्र ती तशीच धावत आली.

मुलगी चहा घेऊन आली. उंच, खांदे रुंद, डोळे न झोपल्यासारखे. आईची पट्टी बदलताना तिचे हात फार हलके होते. आक्का तोंड धुवायला गेली तेव्हा ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की आईला आता हे झेपत नाही, दुसरी गुरं घेऊन पुन्हा तेच करत बसेल, तुम्ही सरकारी माणूस आहात, तुमचं तरी ऐकेल. मी म्हटलं, माझं माझा मुलगा ऐकत नाही. ती हसली नाही.

मग आक्का शाल पांघरून आली आणि म्हणाली की गायी जिथे पडल्यात ती जागा मलाही बघायची आहे. दवाखान्यातून आल्यापासून तिने ती पाहिली नव्हती. मुलीने बराच विरोध केला. आक्का गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

३

रखवालदाराची चौकी वाटेवरच होती. गाडीतून उतरून दोन पावलं टाकली नाहीत तोच माझा पाय तारेत अडकला आणि मी तोंडावर आपटता आपटता राहिले. चौकीभोवती जुन्या तारेचा नुसता गुंता पडला होता. रखवालदार म्हणाला, राहून गेलं उचलायचं. आक्का म्हणाली, दहा वर्षं राहून गेलंय, गुरांच्या पायात जातं. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, ते मला तेवढ्यात कळलं. आक्काने त्याची मागे वर तक्रार केली होती, की पैसे घेऊन हा लोकांची गुरं कुरणात सोडतो. त्याची बढती त्यात अडकली.

शेजारीही तिथेच आला. एवढा उंच की सगळे त्याला ताडमाड म्हणत. त्याचा डोळा आक्काच्या जमिनीवर आहे हे पठारावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पट्टा रद्द झाला तर पुढचा हक्क लागून जमीन असलेल्या शेजाऱ्याचा, म्हणजे त्याचाच. पण वादळात जीव धोक्यात घालून आक्काला खांद्यावर टाकून आणलं तेही त्यानेच. माणूस म्हणून काय ठरवायचं याचं, ते मला कळेना.

कापलेली तार आधी पाहिली. चारही पदर तोडलेले, आणि प्रत्येक पदर नीट गुंडाळून खांबाला टोक आत करून बांधलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या जनावराला ओरखडाही उठू नये असा.

मग कुरणात बरंच चढून गेलो. बर्फ वितळून सगळीकडे गार चिखल झाला होता, माग वगैरे काही उरला नव्हता. गायी दिसल्या आणि मी रुमाल नाकाला लावला, पण थंडीने त्या अजून शाबूत होत्या. त्या रांगेत पडल्या होत्या. एकीशेजारी एक, मधे सारखी जागा, सगळ्यांची तोंडं वर टेकाडाकडे. पहिली ओठ लोंबणारी थोरली. तिच्याशेजारी मोडक्या शिंगाची तांबी. तांबीला लागून काळ्या कानांची पांढरी. मग बाकीच्या.

रखवालदार सांगू लागला की बाईने तार कापून गुरं आत सोडली, ती इथे चरत होती, वादळ आलं आणि जागच्या जागी मेली. मी फोनवर फोटो काढत होते. आक्का रांगेच्या कडेने चालत गेली. तिने थोरलीच्या कपाळाला हात लावला, मग तांबीच्या. तिसऱ्या गाईपाशी ती थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. मागे वळली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता.

"तो कागद द्या," ती मला म्हणाली. "तार मीच कापली. मीच सोडल्या गायी."

४

मी सही घेतली नाही. पेन गाडीत राहिलं असं सांगितलं, आणि पेन माझ्या हातात होतं. आक्काने ते पाहिलं.

तिला घरी सोडून मी निघाले आणि अर्ध्या वाटेत गाडी थांबवून खाली उतरले. बसवेना. रस्त्याच्या कडेने इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. सकाळी ज्या बाईने माझा पगार काढला, ती दुपारी गळ्यात फास स्वतःच्या हाताने अडकवून घेते? आणि मधे घडलं काय, तर तिने नऊ मेलेल्या गायी पाहिल्या. कुणी धमकावलं म्हणावं तर मी पूर्ण वेळ शेजारी होते. सही झाली असती तर मदत गेली, जमीन गेली, वर दंड. साठी उलटलेली, दोन बोटं गेलेली बाई, रस्त्यावर आली असती. हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे.

साहेबांचा फोन आला. म्हातारीने कबूल केल्याचं रखवालदाराने परस्पर कळवलंच होतं. आता कशाला थांबलात? मी म्हटलं, गाडी बिघडली आहे. गाडी बिचारी ठणठणीत होती.

तिथून मी गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते तरुण होते आणि आठवडाभर मेलेली जनावरं तपासून तपासून कावून गेले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आक्काच्या गायी थंडीनेच मेल्या होत्या, विष नाही, मार नाही, काही नाही. जागेबद्दल विचारलं तर म्हणाले, ते माझं काम नाही. मग ते हात धुता धुता सहज बोलून गेले की या वर्षी सगळ्यांच्या खालच्या कुंपणाशीच ढीग उपसावे लागले, एकट्या आक्काचीच गुरं अशी व्यवस्थित.

अगं बाई. आठवडाभर मीही तेच बघत फिरत होते.

५

वादळात गुरं उभी राहत नाहीत. वाऱ्याकडे पाठ करतात आणि वारा ढकलेल तिकडे चालत सुटतात, कुंपण आडवं येईपर्यंत. तिथे एकमेकांवर रेटून मरतात. त्या आठवड्यात मी ज्या ज्या कुरणावर गेले तिथे हेच होतं. ढीग, आणि तो वारा गेला त्या बाजूच्या कुंपणाला.

आणि वारा आला होता राखीव कुरणाच्या टेकाडावरून आक्काच्या जमिनीकडे. गायी कुरणात चरत असत्या तर वाऱ्याने त्यांना खाली, कापलेल्या तारेतून घराकडे आणलं असतं. वर टेकाडाकडे तोंड करून, वादळाला छाती देऊन रांगेत उभी राहणारी गाय अजून जन्मायची आहे. म्हणजे आक्काचं पहिलं बोलणंच खरं. गायी खालच्या कुंपणाशीच मेल्या. मेल्यावर त्यांना कुणीतरी उचलून पलीकडे नेलं, आणि तार त्यासाठीच कापली.

नेलं कुणी? ज्याला आक्काचं वाईट व्हायला हवं त्याने. रखवालदाराचं नाव पहिलं मनात आलं. पण ज्याच्या दारात दहा वर्षं तारेचा गुंता पडला आहे, तो माणूस चोरून कापलेली तार गुंडाळून टोकं आत करून ठेवेल, हे मला पटेना. ते हात गुरं सांभाळणाऱ्याचे होते. अशा हातांना घाईतही तार मोकळी सोडवत नाही.

मग ताडमाड. मी थेट त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं की गायी हलवल्या आहेत, मला माहीत आहे, आणि तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे. तो पांढराफटक पडला. मग खाली बसला. त्याने गायी हलवल्या नव्हत्या. पण त्याने दुसरं काहीतरी केलं होतं, आणि ते त्याला आतून खात होतं. आक्का दवाखान्यात असताना एका दुपारी त्याने आक्काच्याच ट्रॅक्टरचा आवाज ऐकला होता. बराच वेळ चालला होता. त्याला वाटलं, अंगणातला बर्फ काढताहेत. नंतर गायी पलीकडे सापडल्या तेव्हा त्याला सगळं कळलं, आणि तो गप्प बसला.

"जमीन मिळणार होती ना," तो म्हणाला. "तिला मी खांद्यावर आणली, मॅडम. आणि मग असा वागलो."

ट्रॅक्टर कोण चालवत होतं, ते त्याने पाहिलं नव्हतं. शपथेवर सांगत होता आणि मला ते खरं वाटलं. मी गाडीत बसून फोनमधले कालचे रांगेचे फोटो उघडून पाहू लागले. थोरली, तांबी, आणि तांबीला लागून काळ्या कानांची पांढरी. आक्का नेमकी याच गाईपाशी थांबली होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत आक्काकडे गेले. मुलगी अंगणात लाकडं रचत होती. मी तिलाही आत बोलावलं. आक्काने मला पाहिल्यावर विचारलं की पेन सापडलं का.

मी म्हटलं, सापडलं, पण आधी माझं ऐका. मी वाऱ्याचं सांगितलं. तारेचं सांगितलं. ताडमाडने ऐकलेल्या ट्रॅक्टरचं सांगितलं. आक्का खिडकीबाहेर बघत होती. मुलगी दाराला टेकून उभी होती, हात छातीशी बांधून.

मग मी रांगेचं सांगितलं. परका माणूस मेलेली गुरं आणून ओततो. इथे ती एकेक करून, मधे जागा सोडून, तोंडं एका बाजूला करून ठेवली होती, गोठ्यात बांधतात तशी. थोरली पहिली, मग तांबी, आणि पुढच्याही आक्काने मला सांगितल्या त्याच क्रमाने. ज्याने ठेवल्या त्याने ते ठरवून केलं नसणार. लहानपणापासून संध्याकाळी गायी बांधायची सवय असली की हात आपोआप तेच करतात. डोळ्यांत पाणी असलं तरी करतात.

"एकच गाय चुकली," मी म्हटलं. "भिंगरी. ती टोकाला हवी होती. तांबीशेजारी ठेवलेली आहे. गेल्या साली तुम्ही तिची जागा बदलली, आक्का. तुम्ही ठेवली असती तर टोकाला ठेवली असती. शेजाऱ्याला कुठलीच जागा ठाऊक नाही. ज्याला भिंगरीची जुनी जागा पाठ आहे आणि नवी माहीत नाही, असं एकच माणूस आहे. तुम्हाला ते तिथे उभ्या उभ्या कळलं. म्हणून कागद मागितलात."

आक्का खुर्चीतून उठली. एवढी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती.

"तुम्हाला काय करायचंय हो? मी कबूल करतेय ना? बसची नोकरी आहे तिची. सरकारी तार कापली, सरकारला फसवलं, असं नावावर लागलं तर कोण ठेवेल तिला? लिहा माझं नाव आणि जा इथून."

मी तिला सांगितलं की माझं नाव चौकशीबाई आहे, त्याला मी काय करू. पण एक माझ्या हातात होतं. मी पकडून दिलं तर ते फसवणुकीचं प्रकरण. स्वतःहून सांगितलं तर तारेची मोडतोड आणि दंड, कारण सरकारचा पैसा कुणी खाल्ला नव्हता, उलट आईचाच बुडत होता. नोकरीचं मी काही वचन देऊ शकत नव्हते. एवढं बोलून मी गप्प बसले. त्या दिवशी मला गप्प बसणं जमलं.

दाराशी मुलगी हळूहळू खाली बसली आणि म्हणाली, "मी केलं. लिहा."

७

तिने सगळं सांगितलं. आईचे कपडे न्यायला ती दवाखान्यातून घरी आली होती. रस्ता बंद होता, शेवटचा टप्पा चालत आली. खालच्या कुंपणाशी बर्फातून शिंगं वर आलेली दिसली. आई तिथेच सापडली होती, हे तिला माहीत होतं. ती तिथे उभी राहून खूप रडली. मग डोक्यात आलं की मदत येणार, आई त्यातून पुन्हा गायी घेणार, आणि पुढच्या वादळात पुन्हा त्यांच्यामागे जाणार. गायी पलीकडे सापडल्या तर मदत येणार नाही. दंड तिने भरला असता. आईला शहरात नेलं असतं. ट्रॅक्टरला पुढे बर्फ-माती उचलायचं मोठं लोखंडी सूप होतंच. पट्टा रद्द होतो हे तिला माहीत होतं, तेच तर हवं होतं.

"तुझी बोटं काळी पडली होती, आई," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला बाहेर काढलं खोलीतून. तुला माहीत नाही मी तिथे बाकावर कशी बसले होते ते. मला तू पाहिजेस. बाकी जळू दे सगळं."

पट्टीचा हात मांडीवर ठेवून आक्का बसली होती. मग तिने विचारलं, "मला विचारलंस?"

"विचारून कधी ऐकलंस तू? तीन वर्षांपूर्वी शहरात चल म्हणून विचारलं, तर घराबाहेर काढलंस."

"तेव्हा नाही ऐकलं," आक्का म्हणाली. "आता ऐकलं असतं. दवाखान्यात पडल्या पडल्या माझं ठरलं होतं. मदत हातात आली की जमीन सोडायची आणि तुझ्याकडे यायचं. लेकीच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, एवढंच. तू पट्टी बदलायचीस ना, तेव्हा रोज जिभेवर यायचं. म्हटलं, पैसे येऊ देत, मग सांगू."

मुलीने तोंडावर हात घेतला. मी खिडकीकडे बघू लागले. अशा वेळी माणसाने कुठे बघावं, हे तीस वर्षं लोकांच्या घरात शिरूनही मला समजलेलं नाही.

थोड्या वेळाने मुलगी उठली, आईच्या पायाशी येऊन बसली आणि म्हणाली की मग चल, आई, आता तर सगळं मिटलं, आजच चल. आक्काने डाव्या हाताने तिचे केस मागे सारले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"तुझ्यावर राग नाही माझा. तुरुंगात गेले असते तुझ्यासाठी. पण जिथे माझ्यामागे माझं ठरवतात, त्या घरात मला झोप नाही लागायची. आज गायी हलवल्यास. उद्या मला हलवशील, माझ्या भल्यासाठी."

मुलगी काहीतरी म्हणत राहिली. चुकलं, पुन्हा नाही करणार, असंच काहीतरी, लहान मुलं म्हणतात तसं. आक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मान हलवत राहिली. मी मुलीचा जबाब लिहून घेतला, तिची सही घेतली.

मी दारापर्यंत आले तेव्हा आक्काने मला हाक मारली.

"मदत मिळेल ना आता?"

मी म्हटलं, मिळेल, मी स्वतः पाठपुरावा करीन.

"मग मी गायी घेणार," आक्का म्हणाली. मुलीचं डोकं अजून तिच्या मांडीवर होतं.